बाळ परदेशात, आजी-आजोबा मुंबईत: पहिल्या वर्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, लंडन, दुबई, सिडनीतले आईबाबा आणि दादर, पार्ले, बोरिवली, मुलुंडचे आजी-आजोबा पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. बाळाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. आई म्हणते "सहावा लागला", इथली नर्स म्हणते पाच महिन्यांचं आहे. खरं वय कोणतं?

दोघीही बरोबर आहेत. "सहावा लागला" म्हणजे पाच महिने पूर्ण होऊन सहावा चालू झाला. वाढीचे तक्ते मात्र पूर्ण झालेले महिने धरतात, आणि भारतातलं माता-बाल संरक्षण कार्डही तसंच मोजतं. घराघरांतल्या निम्म्या तुलना इथेच बिघडतात. "आमची सातव्यात बसायला लागली" हे आत्याचं वाक्य तक्त्यात सहा महिने पूर्ण असं वाचायचं असतं. ग्रुपवर लिहिताना "पाच पूर्ण, सहावा चालू" असं दोन्ही लिहा. पहिल्या तीन-चार महिन्यांत आठवडे मोजा, कारण भारतात लसींच्या तारखा आठवड्यांवर ठरतात.

२. कोणत्या महिन्यात काय यायला हवं? आजोबांना एक यादी हवी आहे.

यादी द्या, पण प्रत्येक गोष्टीपुढे एक तारीख न लिहिता "इथपासून इथपर्यंत" असा पट्टा लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून काढलेले पट्टे पूर्ण महिन्यांत असे आहेत:

- आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२
- धरून उभं राहणं: ४.८ ते ११.४
- हात-गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५
- धरून चालणं: ५.९ ते १३.७
- एकटं उभं राहणं: ६.९ ते १६.९
- एकटं चालणं: ८.२ ते १७.६

शेवटची ओळ आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. एक मूल साडेआठ महिन्यांत चाललं आणि दुसरं सतराव्यात, तरी दोन्ही या पट्ट्यात बसतात. याआधीचे टप्पे साधारण असे: दोन महिन्यांच्या आसपास ओळखीचं हसू, चारच्या आसपास मान धरणं, सहाच्या आसपास पालथं पडणं.

३. जाऊबाईंचं बाळ नवव्यातच चाललं, आमचं अकरा पूर्ण होऊनही रांगत नाही. रोज विचारणा होते. काय सांगू?

काही मुलं रांगतच नाहीत. वर सांगितलेल्या अभ्यासात साधारण चार टक्के मुलांनी हात-गुडघ्यांवर रांगण्याचा टप्पा गाळला. कुणी बसल्या बसल्या कुल्ल्यांवर सरकतं, कुणी पोटावर सरपटतं, कुणी थेट सोफा धरून उभं राहतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा त्यातून रांगणं काढूनच टाकलं. तिथल्या आणि मुंबईतल्या डॉक्टरांच्या बोलण्यात फरक वाटतो त्याचं हेही एक कारण.

मुंबईला उत्तर देताना काय येत नाही ते सांगत बसू नका, काय येतं ते दाखवा. अकरा महिन्यांचं मूल एका जागेवरून दुसरीकडे कसंही पोचतंय का, दोन्ही हात-पाय सारखे वापरतंय का, धरून उभं राहण्याची खटपट करतंय का? ही तीन दृश्यं एका व्हिडिओत टिपली तर प्रश्न बरेच कमी होतात. त्यातलं एकही दिसत नसेल तर ग्रुपला उत्तर देण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या (प्रश्न १७).

४. बाळ बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं. सगळ्यांना कोणतं वय सांगायचं?

वाढदिवसाला जन्मतारखेचं, टप्प्यांना सुधारित. चाळीसातून बत्तीस वजा केले की आठ आठवडे उरतात. म्हणून सहा महिन्यांच्या बाळाकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची. सदतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांसाठी हा हिशोब साधारण दोन वर्षांपर्यंत चालतो. लसी मात्र जन्मतारखेवरूनच द्यायच्या. घोळ बहुतेक इथे होतो. मुंबईत ज्यांना हे सगळं समजावणं कठीण जातं, त्यांना "ठरलेली तारीख अमुक होती, तेव्हापासून मोजा" एवढं एकच वाक्य पुरतं.

५. तिकडे वजन पौंडात सांगतात आणि म्हणतात विसाव्या पर्सेंटाइलला आहे. आजीला वाटतं शंभरातले वीसच मार्क मिळाले.

एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, एक औंस २८ ग्रॅम. ६ पौंड १० औंस म्हणजे जवळजवळ बरोबर ३ किलो. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा, गुण नव्हेत. वजनानुसार शंभर मुलं ओळीत उभी केली तर हे विसावं आहे. ते जन्मापासून त्याच रेषेच्या आसपास वाढत असेल तर ठीक आहे. रेषा ओलांडून खाली खाली येत असेल तर डॉक्टर लक्ष घालतात. आजीसाठी ढोबळ खूण अशी: पाच महिन्यांच्या सुमारास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट होऊन दोन आठवड्यांत ती भरून निघते, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या दिवशीचा फोन फार लांबतो.

६. बाळाला स्क्रीन दाखवू नका म्हणतात. मग आजीचा व्हिडिओ कॉल चालतो का?

चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार एक वर्षाखालच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना अठरा महिन्यांखाली स्क्रीन टाळा म्हणते, पण व्हिडिओ कॉलला स्पष्ट सूट देते, कारण पलीकडून माणूस बाळाच्या हसण्याला उत्तर देतो. अट एकच: आईबाबांपैकी कुणीतरी शेजारी बसून बोललं पाहिजे. रडणं थांबवायला आजीचे जुने रेकॉर्ड केलेले व्हिडिओ लावून ठेवणं म्हणजे पुन्हा टीव्हीच.

७. कॉल कोणत्या वेळेला जमतो? दर काही महिन्यांनी सगळं विस्कटतं.

विस्कटतं कारण घड्याळं तिकडची पुढेमागे होतात, भारतातली नाही. सहसा जमणाऱ्या वेळा अशा:

- न्यू जर्सी सकाळी ८: मुंबईत उन्हाळ्यात संध्याकाळी ५.३०, हिवाळ्यात ६.३०
- कॅलिफोर्निया सकाळी ७.३०: मुंबईत रात्री ८ किंवा ९
- लंडन दुपारी २: मुंबईत संध्याकाळी ६.३० किंवा ७.३०
- सिडनी संध्याकाळी ५: मुंबईत दुपारी १२.३०, तिकडच्या उन्हाळ्यात ११.३०

अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात, युरोपातली शेवटच्या रविवारी. आत्या लंडनला आणि बाळ बॉस्टनला असेल तर मधले दोन-तीन आठवडे हमखास गोंधळाचे. बाळ झोपून उठल्यावर दूध पिऊन झालं की पुढचा अर्धा तास सगळ्यात चांगला. तो मुंबईच्या मालिकांच्या वेळेत आला तर मालिकेने तडजोड करावी, बाळाकडून होणार नाही. अमिरातीत व्हॉट्सॲपवर फोटो आणि मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाही. तिथे चालणारं ॲप आजोबांच्या फोनवर आधीच टाकून, एकदा कॉल लावून पाहा.

८. कॉलवर बाळ बघतच नाही. आम्ही "बाळा, बाळा" करून थकतो.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं. हातभर लांब धरलेल्या फोनमधला आजीचा छोटा चेहरा त्याला कळतच नाही. पहिले दोन महिने आवाजच पुरे. नंतर बाळ चटईवर आणि फोन जमिनीवर त्याच्या नजरेच्या उंचीला, पुस्तकाला टेकवून ठेवा. उजेड खिडकीतून बाळाच्या चेहऱ्यावर पडू द्या, पाठीमागून नको.

मुंबईच्या बाजूनेही थोडी तयारी लागते. टीव्ही बंद, पंखा मंद, कॅमेऱ्यासमोर एका वेळी एकच माणूस. चाळीतले शेजारी बाळ बघायला आले असतील तर त्यांनी रांगेत यावं. आवाज एक-दोन सेकंद उशिरा पोचतो, म्हणून एक वाक्य बोलून थांबा. बाळाचा हुंकार आला की तोच परत द्या. दर वेळी सुरुवात एकाच खुणेने करा: टाळी, चुटकी किंवा एखादा ठरलेला शब्द. सहा-सात महिन्यांनंतर बाळ ती खूण ओळखून हात हलवायला लागतं. पाच ते आठ मिनिटं खूप झाली. बाळाने मान वळवली की कॉल संपला असं समजायचं, त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये.

९. काय काय पाठवायचं? रोज चाळीस फोटो जातात, तरी आई म्हणते "काहीच कळत नाही".

चाळीस फोटोंत बाळ दिसतं, पण ते काय करतं ते दिसत नाही. आठवड्यातून एकदा वीस ते तीस सेकंदांची एक आडवी क्लिप पाठवा. कॅमेरा हलवू नका, पार्श्वसंगीत नको, आणि खाली एक ओळ लिहा: "सात पूर्ण. डाव्या हातातून उजव्या हातात चमचा घेते." दर महिन्याच्या त्याच तारखेला एक फोटो त्याच खुर्चीत, त्याच दुपट्यावर काढा, शेजारी रोज वापरातली एकच वस्तू ठेवली, तांब्या म्हणा किंवा वाटी, की वाढ डोळ्यांना दिसते. आजी-आजोबांकडूनही काही मागा. बाबा वर्षाचा असतानाचा फोटो, पाळण्याच्या दोरीची गाठ कशी मारायची, आजीने कोणत्या महिन्यात काय भरवलं होतं. एकाच बाजूने फोटो येत राहिले की दुसऱ्या बाजूला नुसते अंगठे आणि बदाम उरतात.

मुंबईत छापून घ्यायचे फोटो वेगळे पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला तो चालतो, भिंतीवरच्या ८ बाय १२ ला नाही, कारण त्याला साधारण २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. तेव्हा "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. असा पाठवलेला फोटो कुठे काढला ती जागाही सोबत नेतो, म्हणून तो ग्रुपवर न टाकता फक्त आजोबांना पाठवा.

मिठाच्या पिठात घेतलेले हातापायांचे ठसे मुंबईला पाठवू नका. मीठ पावसाळ्यात ओल धरतं आणि ठसा मऊ पडतो. कागदावरचा शाईचा ठसा साध्या पाकिटातून येतो आणि टिकतो.

१०. मामांनी बाळाचा फोटो स्टेटसला ठेवला. आम्हाला नको होतं. सासूबाईंना तर दृष्टीची काळजी. कसं सांगायचं?

इथे सासूबाई आणि तुम्ही एकाच बाजूला आहात, त्याचा उपयोग करा. "दृष्ट लागेल" आणि "अनोळखी लोकांकडे जाईल" या दोन्हींवर उपाय एकच. फोटो साठ जणांच्या खानदानी ग्रुपवर न टाकता सहा-सात जणांच्या छोट्या ग्रुपवर टाका आणि नियम पहिल्याच दिवशी वर चिकटवून ठेवा: स्टेटस नाही, पुढे पाठवणं नाही. अंघोळीचे उघडे फोटो कुठेच नकोत. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि हॉस्पिटलचं नाव एकाच फोटोत येऊ देऊ नका. जन्माच्या दिवशी पाळण्यावर लावलेली चिठ्ठी आधी झाका. पासपोर्टची प्रत ग्रुपवर कधीच नाही. मामांना रागावण्यापेक्षा स्टेटसला ठेवायला एक फोटो तुम्हीच द्या, पाठमोरा किंवा नुसत्या मुठीचा. बहुतेक मामा तेवढ्याने खूश होतात.

११. बारसं बाराव्या दिवशी, पण इथलं हॉस्पिटल दुसऱ्याच दिवशी नाव मागतं. आत्याने कानात सांगायच्या आधीच नाव फुटतं!

अमेरिकेत जन्मदाखल्याचा अर्ज सहसा हॉस्पिटल सोडण्याआधीच भरून घेतात. इंग्लंडमध्ये नोंदणीला ४२ दिवस मिळतात. भारतात जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असला तरी नाव नंतर घालता येतं, आणि आजीला तीच सवय असते. उपाय सोपा आहे: कागदावर नाव लिहा आणि बाराव्या दिवसापर्यंत ते फक्त तुम्ही दोघं आणि आत्या यांच्यात ठेवा. कॉलवर बारसं करताना पाळणा तिकडे, घुगऱ्या दोन्हीकडे. आत्याने हेडफोनमधून नाव सांगायचं आणि तुम्ही बाळाच्या कानापाशी म्हणायचं. "कुर्र" मात्र तिकडच्या कुणीतरी प्रत्यक्ष करावं, फोनमधून ते कर्कश येतं.

वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावायचं की नाही हे अर्जाआधी ठरवा. दाखला, पासपोर्ट आणि पुढे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत देतो ते कार्ड) अर्ज, तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं लागतं. पाळण्यातलं नाव वेगळं ठेवायला काहीच हरकत नाही.

१२. उष्टावण कधी? मुलीचं विषम महिन्यात म्हणतात, म्हणजे पाचव्यात. डॉक्टर सहा पूर्ण होऊ दे म्हणतात.

मुलीचं सातव्यात करा. सातवा चालू म्हणजे सहा पूर्ण (प्रश्न १), तेव्हा रूढी आणि डॉक्टर दोघंही खूश. मुलाचं सम महिन्यात, म्हणजे आठवा चालू असताना. पण सहा महिने पूर्ण झाल्यावर रोजचं वरचं खाणं समारंभासाठी महिनाभर अडवू नका; बाळ मान धरतं, आधाराने बसतं आणि ताटाकडे झेपावतं, एवढं पुरे. खीर पातळ, साखर-मीठ न घालता, मधाचं बोट अजिबात नाही (प्रश्न १५). मामा मुंबईत असतील तर चांदीची वाटी आधी पाठवून द्यावी आणि कॉलवर "घाल आता" म्हणावं. पहिल्या घासाला बाळ तोंड वाकडं करून जिभेने बाहेर ढकलतं. ते नावडणं नसतं, जिभेची जुनी सवय असते.

१३. बोरन्हाण इथे कसं करायचं?

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणून सुट्टीचा दिवस निवडा. हलव्याचे दागिने आणि काळं झबलं संक्रांतीच्या आधी दादरच्या बाजारात मिळतं. हवाबंद डब्यात ओल शोषणारी पुडी टाकून पाठवा, नाहीतर हलवा चिकटतो. बोरं मात्र सामानात नेऊ नका. ताजी फळं ऑस्ट्रेलिया-अमेरिकेच्या विमानतळावर अडतात. डोक्यावरून चुरमुरे पुरे आहेत. हरभरे, शेंगदाणे, गोळ्या, छोटी बोरं बाळाच्या आसपास सांडू नका, कारण सात-आठ महिन्यांचं मूल दिसेल ते तोंडात घालतं आणि त्या आकाराचा दाणा श्वासनलिकेत अडकतो. ते लुटायला आलेल्या मोठ्या मुलांच्या पिशवीत द्या.

१४. मुंबईतले डॉक्टरकाका विचारतात बीसीजी (क्षयरोगाची लस) दिलं का. इथे देतच नाहीत. आपलं चुकतंय का?

नाही, वेळापत्रकं वेगळी आहेत. भारतात जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी. मग ६, १०, १४ आठवड्यांना पुढचे डोस, आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. अमेरिकेत बीसीजी नाही, डोस २, ४, ६ महिन्यांना आणि गोवराची लस वर्षाला. लांबचा मुक्काम मुंबईत असेल तर बीसीजीबद्दल डॉक्टरांना विचारा. भारतात ती वर्षापर्यंत देतात.

गोवर जास्त महत्त्वाचा. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची मोठी साथ आली होती. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार असाल तर प्रवासाआधी जादा डोस देतात. तो नेहमीच्या डोसांत धरत नाहीत, वर्षानंतरचे घ्यावेच लागतात. निघण्याआधी दोन आठवडे तरी हाताशी ठेवा. बाळाला मुंबईत बीसीजी दिलं असेल तर दंडावर फोड येऊन, पिकून, व्रण राहतो. तिकडची नर्स घाबरली तर कार्ड दाखवा.

१५. गुटी, काजळ, मोहरीची उशी, धुरी, वॉकर. पार्सल आलंय. काय वापरायचं?

- गुटी मधात उगाळून: नको. वर्षाआधी मधाने बोट्युलिझम होऊ शकतो. त्यात बाळ ढिलं पडतं आणि श्वास मंदावतो.
- काजळ: बाजारातल्या काजळ-सुरम्यात शिसं सापडतं, घरच्या काजळाने बोटाचा संसर्ग डोळ्यात जातो. तीट तळपायाला किंवा कानामागे लावा, हेतू तोच.
- मोहरीची उशी: झोपेत नको. उताणं, सपाट गादीवर, उशीविना. डोकं चपटं होऊ नये म्हणून जागेपणी पालथं ठेवा.
- धुरी: धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट, आणि तिकडच्या फ्लॅटमध्ये भोंगा वाजून सगळी इमारत खाली उतरते.
- वॉकर: नको. कॅनडाने २००४ पासून त्याची विक्रीच बंद केली. बाळ टाचा न टेकवता ढकलत जातं, चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडणं मात्र सोपं होतं.
- मालिश: जरूर. खोबरेल तेल, हलका हात. नाका-कानात तेल नको, हातपाय ओढून ताणणं नको.
- झबली, दुपटी, कुंची: सगळी वापरा आणि वापरतानाचा फोटो पाठवा. बाकीच्या वस्तूंना नकार देणं त्याने फार सोपं होतं.

१६. मुंबईला आणलं तर बाळ आजीला पाहून किंचाळतं. रोज कॉलवर बघूनही ओळखत नाही?

कॉलवरचा चेहरा सपाट आणि तळहाताएवढा असतो. विमानतळावरची आजी मोठी, वेगळ्या वासाची आणि हात पसरून धावत येणारी असते. शिवाय सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान परक्यांची भीती सुरू होते आणि ती वाढीचीच खूण आहे. बाळ आपली माणसं वेगळी काढायला शिकलं. पहिल्या दिवशी आजीने बाळाकडे जाऊ नये. खाली बसावं, आईशी बोलावं, हातात कॉलवर दिसणारी एखादी ओळखीची वस्तू ठेवावी आणि ठरलेली खूण करावी (प्रश्न ८). पंधरा-वीस मिनिटांत बाळ स्वतः सरकत येतं, कधी दोन दिवस लागतात. विमानतळावर सगळ्या गोतावळ्याने न जाता दोघांनीच जावं. झोपेचं घड्याळ बसायला अमेरिकेहून आलेल्या बाळाला आठवडाभर सहज लागतो. पाहुण्यांचा दिवस त्यानंतर.

१७. कोणती गोष्ट व्हिडिओ करून ग्रुपला पाठवण्याआधी डॉक्टरांना दाखवायची?

सगळ्यात पहिली: बाळ "नमस्कार" करतं. तीन ते आठ महिन्यांच्या बाळाची मान आणि हात एकदम आत दुमडतात, क्षणभर थांबतात, पुन्हा तसंच, असे झटके ओळीने येतात, बहुतेकदा झोपेतून उठल्यावर. घरात सगळे हसतात, कौतुक करतात. हा एका प्रकारच्या फिटचा नमुना असू शकतो आणि उशीर महागात पडतो. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फोनच्या कॅमेऱ्याचा याहून मोठा उपयोग पहिल्या वर्षात नाही.

दुसरी: "डावखुरं आहे वाटतं". वर्षाआधी मूल एकच हात वापरत असेल तर दुसरा हात कमजोर नाही ना हे तपासावं लागतं. तिसरी: आलेली गोष्ट जाणं. हसत होतं ते थांबलं, बसत होतं ते कलंडायला लागलं, तर कोणत्याही महिन्यात लगेच. याशिवाय तीन महिने पूर्ण होऊनही हसू नाही, नऊ पूर्ण होऊनही बसत नाही, वर्षाला हाक मारल्यावर बघत नाही किंवा टाटा, बोट दाखवणं यातलं काहीच नाही. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ताप, मग तो आजीच्या मते "दातांचा" असो वा नसो.

१८. वरचे दात आधी आले. मामाला वाईट असतं म्हणतात.

मामाला काही होत नाही. खालचे पुढचे दोन बहुतेकदा आधी येतात, पण क्रम बदलतो. वर्षापर्यंत एकही नसला तरी चालतं. दीड वर्षाला दंतवैद्यांना दाखवा.

१९. घरात मराठी, पाळणाघरात इंग्रजी. बोलायला उशीर होईल का?

दोन भाषांमुळे उशीर होत नाही. शब्द मोजताना दोन्हींतले एकत्र मोजा: "मम", "भूभू" आणि इंग्रजीतला "बॉल" मिळून तीन. आजीने कॉलवर मराठीच बोलावं, "बेबी, लुक" करायची गरज नाही.

२०. आमचं उलटं आहे: बाळ मुंबईत, जावई जर्मन, त्याचे आईवडील तिकडे.

तिकडे "यू१" ते "यू९" अशा ठरलेल्या तपासण्या पिवळ्या वहीत नोंदवतात. "यू५" सहा-सात महिन्यांना, "यू६" दहा ते बारा महिन्यांना. मुंबईत लसीच्या भेटीलाच वजन, लांबी, डोक्याचा घेर लिहून घ्या आणि तेच आकडे त्या महिन्यांत पाठवा. त्यांना तेच हवे असतात. ड जीवनसत्त्वाचे थेंब देता का, हे ते हमखास विचारतील. इथले बालरोगतज्ज्ञही पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट देतात. बारशाचा व्हिडिओ पाठवताना पाळण्याखालून-वरून बाळ देण्याच्या प्रसंगाला एक ओळ समजावून लिहा, नाहीतर ते दचकतात.

२१. मुंबईला आणायला कागदपत्रं कोणती?

बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतोच. अमेरिकेत जन्मलेलं मूल तिथलं नागरिक असतं, म्हणून बहुतेक जण तिथला पासपोर्ट काढून मग ओसीआय किंवा व्हिसा घेतात. ओसीआय वेळ खातं, म्हणून तिकिटाआधी अर्ज. आखातात जन्मलेल्या भारतीय आईबाबांच्या मुलाचा जन्म वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवून भारतीय पासपोर्ट घ्यायचा असतो. वर्ष उलटलं तर सरकारची परवानगी लागते आणि प्रकरण लांबतं.

२२. जन्म न्यू जर्सीत ३ जुलैला रात्री ११ ला. मुंबईत ४ तारीख होती. वाढदिवस आणि पत्रिका कशी?

तारीख जन्मगावची, म्हणजे ३. पत्रिका करणाऱ्या गुरुजींना जन्मगाव, तिथली वेळ आणि "घड्याळ उन्हाळ्यासाठी तासभर पुढे होतं" हे तिन्ही सांगा. तो तास विसरला तर लग्नरास बदलू शकते. तिथीने औक्षण मुंबईत वेगळ्या दिवशी येईल. बाळाला दोन वेळा ओवाळून घ्यायला हरकत नसते.

२३. पहिलं पाऊल पाळणाघरात पडलं, आम्ही पाहिलंच नाही. आजीला काय सांगायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात "एकटं चालणं" धरायला निदान पाच पावलं आधाराशिवाय टाकावी लागतात. पाळणाघरातलं एक पाऊल आणि धपकन बसणं त्यात येत नाही, म्हणजे खरा टप्पा अजून तुमच्या हातात आहे. संध्याकाळी बूट-मोजे काढा, गालिचा बाजूला करा, एकाने सोफ्यापाशी बाळाला उभं करावं, दुसऱ्याने चार हातांवर खाली बसावं आणि फोन आजीला लावून जमिनीवर टेकवून ठेवावा. पहिल्या दिवशी पाच होणार नाहीत. अमेरिकेतून लावत असाल तर मुंबईत तेव्हा पहाट किंवा सकाळ असेल. आजीला चहा घेऊन बसायला सांगा.